जुना ‘अग्निपथ’ टुकार, की त्याच्यावर अन्याय झाला?

तुमची अडचण थोडक्यात अशी. वडिलांच्या मते १९९०चा ‘अग्निपथ’ म्हणजे हिंदीतला शेवटचा मर्दानी सिनेमा. तुम्ही तो चाळीस मिनिटांत बंद केलात, कारण अमिताभ घशात खडे भरून बोलल्यासारखा वाटतो, मिथुनचा लुंगीतला कृष्णन अय्यर डोक्यात जातो आणि पडद्यावर जो येतो तो ओरडतो. आता तुम्हाला निकाल हवाय: टुकार, की उगाच पडलेला चांगला सिनेमा?

मी तो लागला तेव्हाच टॉकीजला पाहिलाय. फेब्रुवारी १९९०, माझी दहावीची परीक्षा तोंडावर, घरी ‘मित्राकडे भूमितीला जातो’ असं सांगून तीन जण जिल्ह्याच्या गावी पळालो होतो. अमिताभ पडद्यावर आल्यावर नेहमीप्रमाणे शिट्ट्या झाल्या, चिल्लर उधळली गेली. मग तो बोलला आणि थेटर गप्प झालं. दोन-तीन मिनिटांत स्टॉलमधून आरडाओरडा सुरू झाला, ‘ए, आवाज नीट कर!’ लोकांना वाटलं मशीन बिघडलंय. डोअरकीपर वर जाऊन आला आणि हात हलवून म्हणाला, ‘पिच्चरच तसा आहे.’ असं नुसतं आमच्याच गावात झालं नाही. ठिकठिकाणी स्पीकर खराब आहे म्हणून तक्रारी झाल्या आणि शेवटी निर्मात्यांना अमिताभच्या नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करून घ्यावं लागलं. ज्याच्या आवाजावर लोक जीव टाकायचे त्याच नटाला तोच आवाज बदलला म्हणून प्रेक्षकांनी पाडलं.

माझं मत सरळ सांगतो. तो आवाज हा या सिनेमातला सगळ्यांत बरोबर निर्णय आहे. सिनेमा गंडतो तो दुसरीकडे.

अमिताभचा मूळ आवाज आठवून बघा. खर्जातला, स्वच्छ, कवीच्या घरात वाढलेला. ‘दीवार’मधला विजय गोदीत हमाली करतो, पण बोलतो मात्र रेडिओवर कविता वाचल्यासारखा. १९७५ साली ते कुणाला खटकलं नाही, मलाही खटकत नाही. मुंबईची टपोरी भाषा अमिताभ आधीही बोललाय, ‘अमर अकबर अँथनी’त. पण ती हसवण्यासाठी. आरशाला पट्टी चिकटवणारा दारुडा अँथनी ती बोलायचा आणि आपण पोट धरून हसायचो. ‘अग्निपथ’ने तीच भाषा उचलली आणि तिच्यात रडू भरलं. ‘हवा तेज चलता है दिनकर राव, टोपी संभालो’ यातला ‘चलता’ बघा. हवा पुल्लिंगी झाली. व्याकरण चुकतं कारण हा पोरगा, ‘अग्निपथ’चा नायक (तोही विजयच), शाळेतून उठला तो थेट रस्त्यावर आला. आणि बाप शाळामास्तर! मास्तरांच्या मुलाची भाषा मोडलीय, हीच त्याच्या आयुष्याची हकीकत आहे. ती संवादात कुणी सांगत बसत नाही, ती त्याच्या घशात आहे. कादर खान यांच्या संवादांवर टाळ्या पडतात त्या आकडेबाजीसाठी, ‘छत्तीस साल, नौ महीना, आठ दिन’ वगैरे. मला मात्र ही मोडतोड जास्त मोलाची वाटते. (छत्तीस वर्षं सांगणारा अमिताभ तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. डोळ्यांत सुरमा घालूनही ते लपत नाही.)

आता गोष्ट. मांडव्यातले मास्टर दीनानाथ चौहान, आपल्या जिभेवर चव्हाणच, गावात वीज आणायच्या खटपटीत असतात. दिनकर राव आणि कांचा चीना यांना किनारा हवा असतो गर्दच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या, धंद्यासाठी. ते मास्तरांना एका बाईच्या प्रकरणात अडकवून बदनाम करतात. पण मास्तरांना मारतं कोण? गाव. ज्यांची पोरं मास्तरांनी शिकवली तीच माणसं दगड उचलतात. सूडाच्या बाकी सिनेमांत खलनायक एक असतो, त्याला मारलं की हिशेब मिटतो. इथे पोराच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम शिरतात: याच गावानं बापाला मारलं, आणि हेच गाव मला परत हवंय. या दोन्हींचा मेळ बसत नाही आणि सिनेमा तो बसवायचा प्रयत्नही करत नाही. विजय गावावर सूड घेत नाही, तो गावासाठी मरतो. हे मला पंधराव्या वर्षी कळलं नव्हतं. तेव्हा पेट्रोल पंप पेटतो तेवढंच आवडलं होतं.

खरा मांडवा अलिबाग तालुक्यात आहे. गेटवेवरून लाँच सुटते, तासाभरात पोचतो, आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी घालूनही जाता येतं. शनिवार-रविवारी तिथे बंगलेवाल्यांची गर्दी. सिनेमातला मांडवा हा नाही, ते एक कल्पनेतलं गाव आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावर रात्री माल उतरतो ही गोष्ट कुणी हवेतून आणलेली नव्हती. सिनेमा आला १९९०ला. १९९३च्या सुरुवातीला याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला जी शस्त्रं आणि स्फोटकं उतरली त्यांनी पुढे मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर मी हा सिनेमा पाहिला तेव्हा कांचाचा कारभार तितकासा भडक वाटला नाही.

आणि आई. रोहिणी हट्टंगडी अमिताभपेक्षा साडेआठ वर्षांनी लहान आहेत, तरी एका क्षणालाही शंका येत नाही. हिंदी सिनेमातली आई पोराला शेवटी पदराखाली घेते. ही सुहासिनी घेत नाही. घरी जेवायला बसण्याचा तो प्रसंग तुम्ही पाहिलात की त्याआधीच बंद केलात? पाहिला नसेल तर माझ्यासाठी तेवढा बघा. एवढा मोठा दादा, बाहेर लोक चळाचळा कापतात, आणि इथे ताटावर बसल्यावर आई त्याच्या हातांना काय लागलंय हे बोलून दाखवते. त्याचा तो आवाज तिथे फुटतो. त्यात गुर्मी आहे, कळवळ आहे आणि बारा वर्षांच्या पोराचा हट्ट आहे. तुम्ही ज्याला ओरडणं म्हणता त्याला दर वेळी काही कारण असतं असं मी म्हणणार नाही, पण इथलं कारण शंभर टक्के आहे. पुढे कधीतरी केबलवर हा सिनेमा लागला होता तेव्हा माझी आई भाजी निवडत बसली होती. ती सिनेमा बघत नव्हती. या प्रसंगाला मान वर करून म्हणाली, ‘जेवू तरी द्यायचं होतं त्याला.’ आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

अमिताभला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार याच भूमिकेसाठी मिळाला. फिल्मफेअर मात्र त्या वर्षी ‘घायल’साठी सनी देओलला गेलं. ‘अग्निपथ’च्या वाट्याला तिथे सहाय्यक भूमिकांची दोन आली, मिथुन आणि रोहिणीताई.

मिथुनवरून तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, आणि इथे मी अर्धा तुमच्या बाजूचा. एम. ए. झालेला नारळपाणीवाला, ‘अय्यो’ छापाचं हिंदी, प्रत्येक वाक्याला हेल. विनोद म्हणून तो शिळा आहे, तेव्हाही थोडा शिळाच होता. पण एक गोष्ट तुमच्या पिढीच्या लक्षात येणार नाही म्हणून सांगतो. १९६६नंतर मुंबईत ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ अशा घोषणा देऊन दाक्षिणात्यांच्या मागे लागलेलं शहर आम्ही ऐकून होतो. त्याच शहराच्या सिनेमात चव्हाणांच्या घराची राखण एक लुंगीवाला करतो, आणि चव्हाणांची मुलगी त्याच्याच प्रेमात पडते. ते कुणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. तरीही रक्तानं माखलेल्या विजयला उचलून दवाखान्यात पोचवणारा मुंबईतला कुणी भाई नाही, हा नारळवाला आहे, हे मला आवडतं. त्याचं गाणं मात्र खुशाल पुढे ढकला.

हॉलिवूडच्या ‘स्कारफेस’ची उचल आहे का? आहे. बहीण, तिच्यावर जीव टाकणारा जवळचा माणूस, भावाचा संताप, आईचा तिरस्कार, ही चौकट तिथलीच. पण ‘स्कारफेस’मधल्या टोनीला सगळं जग हवं असतं. विजयला एक खेडं हवं असतं. या एका फरकानं गोष्ट आपली होते.

आता सिनेमा कुठे पडतो ते. मॉरिशस. कांचा चीना तिथे राहतो म्हणून सिनेमाही तिथे जाऊन बसतो, आणि बसतो तो उठतच नाही. डॅनी त्या गॉगलमागून गार डोक्यानं जे करतो ते उत्तम आहे, संथ बोलतो, एकदाही घसा ताणत नाही. पण त्याच्याभोवती नाच, बोटी, समुद्रकिनारा आणि कुणाच्याही पायात न अडकणारं कथानक. मुंबईत प्रत्येक प्रसंगाला घामाचा वास आहे. अण्णा शेट्टीबरोबरची चिखलातली मारामारी घ्या. दीपक शिर्के पडद्यावर नुसते उभे राहिले तरी भीती वाटते, आणि मारामारीसुद्धा कवायत न वाटता जीव घेणारी वाटते. मॉरिशसला पोचलं की सगळं इस्त्रीचं होतं. शेवटची आग आणि स्फोटही मला लांबलेले वाटतात. दिग्दर्शक मुकुल आनंद यांची नजर मोठ्या चौकटीची होती, धूर, पाठीमागून येणारा उजेड, संथ गती. कधी कधी त्यांना चौकट इतकी आवडायची की प्रसंग संपला तरी ते तिथेच रेंगाळायचे. पुढे ‘हम’मध्ये आणि ‘खुदा गवाह’मध्येही ते दिसतं. जवळजवळ तीन तासांतून अर्धा तास कापला असता तर तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता.

२०१२ला रीमेक आला, हृतिकचा. त्यांनी काय केलं बघा. आवाज साधा ठेवला, कृष्णन अय्यर काढून टाकला, मॉरिशस काढलं, ऋषी कपूरचा रौफ लाला घातला. म्हणजे लोकांच्या तक्रारींची यादी समोर ठेवून एकेक दुरुस्त केली. तो चालला, जुना पडला होता. ऋषी कपूर अंगावर काटा आणतो यात वाद नाही. पण त्या विजयची नक्कल आजवर गणपतीच्या मंडपात कुणी केलेली मी पाहिली नाही. जुन्याची दर वर्षी कुणीतरी करतो.

आणि ही नक्कलच मला हल्ली खटकते. तुमच्या वडिलांशी माझं भांडण झालंच तर याच मुद्द्यावर होईल. आमची पिढी आता या सिनेमाला डोक्यावर घेते ती ‘विजय दीनानाथ चौहान, पूरा नाम’ या संवादासाठी. लग्नात, सेंडऑफला, दाढीच्या दुकानात. ज्या आवाजाला आम्ही १९९०ला शिव्या घातल्या तोच आता पार्टीत काढतो आणि हसतो. म्हणजे त्याला परत अँथनी करून टाकलाय. ‘अन्याय झाला’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण जेवणाच्या त्या प्रसंगाबद्दल बोलतात? मला तरी फार भेटले नाहीत.

तेव्हा निकाल हवाच असेल तर: पहिले दोन तास उत्तम, मॉरिशस सहन करा, शेवट बराच पण लांबडा. टुकार नक्की नाही. पण ‘कुणाला कळलाच नाही हो’ म्हणून गळा काढावा इतका बिचाराही नाही.

बघणार असाल तर आधी प्रत तपासा. अमिताभ पहिल्याच वाक्याला साफ, खर्जात बोलला तर ती बदललेल्या डबिंगची समजा आणि बंद करा, दुसरी शोधा. मोबाइलवर बघू नका, मुकुल आनंदांच्या चौकटी तिथे मावत नाहीत. वडिलांबरोबर बसलात तर फारच छान, फक्त संवाद यायच्या आधी म्हणायचे नाहीत एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. माझ्या घरी मला ते अजून जमलेलं नाही.