वयस्कर आई-वडिलांना लंडन दाखवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील 78 वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे, आईला गुडघ्यांचा त्रास आहे, सोबत 75 वर्षांची मावशी आहे. मे महिन्याच्या अखेरीस साताऱ्याहून आठ दिवसांसाठी लंडनला जायचे आहे, पाहण्याच्या तेवीस ठिकाणांची यादी तयार आहे, आणि त्यातच दोन दिवस काढून पॅरिसही उरकता येईल का, असे आपण विचारले आहे.

तेवीस ठिकाणे होणार नाहीत. 2018 मध्ये सासू-सासऱ्यांना नेले तेव्हा मीही अशीच यादी खिशात घेऊन निघाले होते. पहिल्याच दिवशी संसद भवन, बकिंगहॅम राजवाडा, ट्राफल्गर चौक आणि संध्याकाळी टॉवर ब्रिज असा सपाटा लावला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा गुडघा टम्म सुजला. पुढचे दोन दिवस बर्फाची पिशवी बदलण्यात गेले, आणि त्यात दोष लंडनचा नव्हता, माझाच होता. मे 2024 मध्ये आई, बाबा आणि आत्या या तिघांना घेऊन पुन्हा गेले तेव्हा आठ दिवसांत नऊ ठिकाणे पाहिली, आणि आत्या अजूनही त्यातल्या प्रत्येकाविषयी तपशिलाने बोलते.

या दोन सहलींमधून मला एक गोष्ट नीट कळली. आपण साताऱ्याची माणसे चालण्याला घाबरत नाही. आमचे बाबा सत्त्याहत्तराव्या वर्षीही पहाटे साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या जागेपर्यंत चालत जाऊन येतात, त्यामुळे ‘बाबांना काय, ते लंडन पालथे घालतील’ असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण चालणे आणि उभे राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिथे रांगेत गेल्यावर समजले. दोन किलोमीटर सहज चालणारा माणूस चाळीस मिनिटे एका जागी उभा राहिला की कंबर धरून भिंत शोधू लागतो. म्हणून दिवस आखताना अंतर मोजण्याऐवजी त्या ठिकाणी उभे किती राहावे लागेल, पायऱ्या किती आहेत आणि टेकायला बाक कुठे आहे, हे आधी पाहावे. बकिंगहॅम राजवाड्यापुढचा पहारेबदल याच कारणासाठी मी यादीतून काढला. तिथे चांगली जागा हवी असेल तर तासभर आधी जाऊन गर्दीत उभे राहावे लागते. त्याऐवजी व्हाइटहॉलवरील हॉर्स गार्ड्सचा घोडेस्वारांचा पहारेबदल पाहावा. तो सोमवार ते शनिवार सकाळी अकरा वाजता आणि रविवारी दहा वाजता असतो, गर्दी त्या मानाने कमी असते आणि घोडे अगदी जवळून दिसतात. तो संपला की थेट शेजारच्या सेंट जेम्स पार्कमध्ये जाता येते, जिथे तळ्याकाठी हवे तेवढे बाक आहेत. त्या तळ्यातले पाणकोळी पक्षी म्हणजे पेलिकन. 1664 मध्ये रशियाच्या वकिलाने राजाला पहिली जोडी भेट दिली, तेव्हापासून ते तिथे आहेत. एक पेलिकन पाण्यातून बाहेर आला, डुलत डुलत बाबांच्या बाकापर्यंत पोहोचला आणि त्यांच्या पिशवीकडे मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिला. बाबांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि त्याला शुद्ध मराठीत सांगितले की, यात फक्त गोळ्या आहेत. घरी आल्यावर त्यांनी संसद भवनाची गोष्ट एकदाही सांगितलेली नाही, ही मात्र आतापर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे.

प्रवासाच्या साधनांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी दमछाक तिथेच होते. लंडनची भुयारी रेल्वे जगातली सर्वांत जुनी, 1863 पासूनची असल्यामुळे तिच्या बहुतेक जुन्या स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत कुठे ना कुठे पायऱ्या लागतातच. कोव्हेंट गार्डन स्थानकात लिफ्टची रांग टाळण्यासाठी लोक जिना धरतात आणि मग त्यांना कळते की तो 193 पायऱ्यांचा आहे. याउलट मे 2022 मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन वयस्करांसाठी वरदान आहे : तिच्या सर्व 41 स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येते, हीथ्रो विमानतळावरून ती थेट शहराच्या मध्यभागी येते, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरले की ब्रिटिश म्युझियम दहा मिनिटांच्या आत गाठता येते. शक्य असेल तर राहण्याची जागाच या मार्गाजवळ घ्यावी. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. अर्थात लिफ्ट बंद पडण्याची तयारी मनात असू द्यावी. एका स्थानकावर आमची लिफ्ट बंद निघाली आणि सरकत्या जिन्यापुढे आत्या नऊवारीच्या निऱ्या मुठीत धरून उभी राहिली ती हलेचना. मागे माणसे साचली, कुणी काही बोलले नाही, पण आत्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी आम्ही परत मागे वळलो, एक स्थानक उलटे गेलो आणि तिथून बस धरली. त्या दिवसापासून निघण्यापूर्वी लिफ्ट चालू आहे की नाही हे लंडनच्या वाहतूक विभागाच्या अ‍ॅपवर पाहण्याची सवय मी लावून घेतली.

बस मात्र डोळे मिटून निवडावी. लंडनच्या सर्व बस खालच्या पायरीच्या आहेत, दारात उतरती फळी लावण्याची सोय आहे, पुढची आसने वयस्करांसाठी राखीव असतात आणि लोक खरोखरच उठून जागा देतात. आम्ही गेलो तेव्हा भाडे 1.75 पौंड होते आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढ्याच पैशांत भागत होते. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत, त्यामुळे प्रत्येकाजवळ स्वतंत्र कार्ड हवे. एकाच कार्डावर चौघांना नेता येत नाही, ही चूक आपल्याकडची बहुतेक कुटुंबे पहिल्या दिवशी करतात. आपल्या एसटीत पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट असतो, त्यामुळे बाबांनी पहिल्याच बसमध्ये चालकाला आधार कार्ड दाखवले होते. लंडनमध्येही ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवाशांपुरता. टॉवर ऑफ लंडनसारख्या तिकिटाच्या ठिकाणी मात्र 65 वर्षांवरील पाहुण्यांना सवलत मिळते, ती जरूर घ्यावी. चौघेपाचजण असाल तर परतीच्या वेळी काळी टॅक्सी करण्यात कंजुषी करू नये. तिच्यात पाचजण बसतात, चाकाची खुर्ची चढवण्याची सोय असते आणि माणशी हिशेब केला तर ती वाटते तितकी महाग पडत नाही. माझा नियम एवढाच होता की सकाळी बस आणि संध्याकाळी टॅक्सी, कारण सकाळी दमलेले नसताना सगळेच शूर असतात.

आता काय पाहावे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही सगळी विनामूल्य आहेत, आणि वयस्करांच्या दृष्टीने याचा खरा फायदा असा की तिकिटाचे पैसे वसूल करण्याची घाई उरत नाही. दीड तास पाहावे, कंटाळा आला की उठावे, वाटले तर दुसऱ्या दिवशी परत यावे. मोठ्या संग्रहालयांत चाकाची खुर्ची मागितल्यास मिळते. आईने आधी ‘मी काय आजारी आहे का’ म्हणून खुर्चीला नकार दिला. मग आत्या बसली, तिला ममींच्या दालनातून आरामात फिरताना पाहिले आणि आईने दुपारनंतर आपणहून खुर्ची मागितली. नॅशनल गॅलरीत दालनांच्या मधोमध मोठे बाक आहेत, त्यामुळे चित्रकलेत फारसे गम्य नसले तरी ती जागा चालते. टॉवर ऑफ लंडनला दगडी फरसबंदी आहे, सांभाळून चालावे लागते, पण कोहिनूर पाहिल्याशिवाय आपली माणसे परत येत नाहीत, हे मी गृहीत धरते. तो 1937 साली घडवलेल्या मुकुटात बसवलेला आहे आणि मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून जायचे असते, म्हणजे निदान तिथे तरी पाय हलवावे लागत नाहीत. सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटावर 528 पायऱ्या चढून जाता येते; ते आपण एकट्याने करा आणि वडीलधाऱ्यांना खाली बसू द्या.

माझ्या मते यादीतली अर्धी ठिकाणे काढून तिथे साताऱ्याशी नाते असलेली दोन-तीन ठिकाणे घालावीत, कारण वयस्कर माणसाला अनोळखी शहरात ओळखीचा धागा सापडला की थकवा निम्मा होतो. लेडनहॉल स्ट्रीटवर आज जिथे लॉइड्सची नळ्यानळ्यांची पोलादी इमारत उभी आहे, तिथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय होते. जुनी वास्तू 1861 मध्ये पाडली गेली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना 1839 मध्ये कंपनीने गादीवरून उतरवले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे राहून याच कंपनीच्या दाराशी झगडत राहिले. दरम्यान महाराज काशीला नजरकैदेत 1847 मध्ये वारले, 1848 मध्ये राज्यही खालसा झाले, तरी हा माणूस 1853 पर्यंत तिथेच होता. पाहण्यासारखे तिथे आज काहीच नाही. पण बाबांनी टोपी काढली, त्या इमारतीकडे पाहत पाच मिनिटे उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘एवढ्या थंडीत चौदा वर्षे!’ आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून होतो. जवळच छत असलेला लेडनहॉल मार्केट आहे, तिथे बसून चहा घेता येतो.

दुसरे ठिकाण 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे. ज्या मुलाचे नाव 1900 साली साताऱ्याच्या शाळेत घातले गेले, तो तिथून या घरापर्यंत पोहोचला, हे आत्याला फार भावले. ती स्वतः त्याच शाळेजवळ वाढली आहे. घरात जिना आहे, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी तळमजल्यावर समाधान मानावे. लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये जिथे राहिले त्या 10, हाउली प्लेसवरही, नामवंतांच्या घरांवर लावतात तशी, निळी पाटी आहे, पण ते खासगी घर असल्याने बाहेरूनच पाहावे.

वाघनखांविषयी आपण विचारले आहे. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांमार्फत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेलेली वाघनखे जुलै 2024 मध्ये आपल्याच साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती प्रत्यक्ष शिवाजी महाराजांचीच आहेत याचा पुरावा नसल्याचे ते संग्रहालयच सांगते. आम्ही मे महिन्यात लंडनला आणि वाघनखे जुलैमध्ये साताऱ्यात, यावरून आई आजही मला चिडवते.

खाण्यापिण्याची चिंता फार करू नये. स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, मेतकूट-भाताची सोय झाली की निम्मे प्रश्न सुटतात, आणि यूस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भेळ-डोशाची दुकाने आहेत. मात्र भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा तिथल्या नातेवाइकांसाठी कंदी पेढे आणि साजूक तूप बांधून घेऊ नये. चटण्या, लाडवाऐवजी चिक्की आणि भडंग न्यावे. वडिलांचे इन्सुलिन असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवावे, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. विमानतळावरच्या चाकाच्या खुर्च्या किमान 48 तास आधी विमान कंपनीकडे नोंदवाव्यात. प्रवास विमा मात्र आधीचे आजार धरूनच काढावा. स्वस्त विम्यात मधुमेह वगळलेला असतो. मे अखेरीस तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोन ते चार खोलीवर येऊन आडवे होण्याची आपली सवय अजिबात मोडू नये. संध्याकाळ पुरेशी मोठी असते.

राहिला पॅरिसचा प्रश्न. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्ससाठी चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्थानकाहून पॅरिसची गाडी सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते हे खरे, पण त्याआधी तपासणीसाठी तास-दीड तास आधी जायचे, तिथे नवे हॉटेल, नवी भाषा, आणि दोन दिवसांनी तेच उलटे करायचे. तीन वयस्करांसह आठ दिवसांत हे मी करणार नाही. बाबांनाही तो मोह झाला होता. आम्ही त्यांना सेंट पॅन्क्रास स्थानकाच्या वरच्या मजल्यावर नेले, तिथे काचेपलीकडे पॅरिसची गाडी उभी असलेली दिसते. त्यांनी डबे मोजले, ती सुटेपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग विचारले की जेवायला ड्रमंड स्ट्रीट इथून चालत जाण्यासारखा आहे का.