वाचक विचारतात : चार दुर्बिणी आणि एक ग्रह

प्रश्न : सर, मी चोपड्याहून लिहितेय. चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून दूरचा ग्रह बघितला असं वाचलं, पण मग एकच मोठी दुर्बीण का नाही बांधत?

उत्तर : ताई, मस्त प्रश्न! बारकावे दिसायला आरसा रुंद हवा, पण १३० मीटरचा आरसा कोण बनवणार? म्हणून चिलीत पारानालला ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी लांब लांब ठेवल्यात, त्यांचा प्रकाश जमिनीखालच्या बोगद्यांतून एका जागी आणतात आणि बारकावे जवळपास तेवढे मिळतात. खरी कमाल बोगद्यातच आहे. तारा तिरपा असला की एका दुर्बिणीला प्रकाश आधी पोचतो, दुसरीला नंतर, मग रुळांवरचे आरसे सरकवून तो फरक भरून काढायचा, तोही केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक मापात, आणि पृथ्वी फिरतेय म्हणून सतत! २०१९ मध्ये तिथल्या 'ग्रॅव्हिटी' यंत्राने सुमारे १२९ प्रकाशवर्षांवरचा 'एचआर ८७९९ ई' हा ग्रह असाच टिपला, ताऱ्याच्या झगमगाटातून त्याचा उजेड वेगळा काढला, आणि त्यात लोह न् सिलिकेटचे ढग सापडले. मला तर हे फारच भारी वाटतं. आणि हो, हा तारा आपल्या खान्देशात जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो, ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास महाश्व (पेगासस) या तारकासमूहाच्या चौकोनाला लागूनच बायनॉक्युलरने शोधा.