मॅव्हरिक: विकताना हायब्रिडला जास्त किंमत येते की ऑल-व्हील ड्राइव्हला?

अमेरिकेत जुनी फोर्ड मॅव्हरिक (छोटा पिकअप ट्रक) घेऊन चार-पाच वर्षांनी विकायची असेल, तर माझं मत हायब्रिडच्या (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असलेल्या गाडीच्या) बाजूने आहे. फक्त तुम्ही राहता कुठे, हे आधी बघा.

२०२२ ते २०२४ च्या मॉडेलांत दोन्ही गोष्टी एकत्र मिळतच नव्हत्या. हायब्रिड घेतली तर फक्त पुढच्या चाकांना ताकद, आणि ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) हवं तर २.० लिटरचं टर्बो इंजिन. २०२२ च्या गाडीचं सरासरी अधिकृत मायलेज हायब्रिडला गॅलनमागे ३७ मैल, टर्बो ऑल-व्हीलला २५. वर्षाला १२,००० मैल चालवलं तर साधारण १५५ गॅलन पेट्रोल वाचतं. जुनी गाडी घेणारा नेमका हाच हिशोब करतो. शिवाय हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी आहे. ती शिल्लक असतानाच गाडी विका, कारण ती संपली की गिऱ्हाईक बॅटरीच्या खर्चाच्या धास्तीने भाव पाडतं.

मिनेसोटा किंवा मिशिगनमध्ये मात्र बर्फामुळे ऑल-व्हीललाच मागणी असते. मागे ४,००० पौंडांचा ट्रेलर ओढण्याचं पॅकेज असेल तर आणखी चांगलं. त्या वर्षांतली हायब्रिड २,००० पौंडच ओढते. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासच्या सपाट, उबदार शहरात ऑल-व्हीलसाठी कुणी फारसे जादा पैसे मोजत नाही.

२०२५ पासून हायब्रिडमध्येही ऑल-व्हील मिळतं, त्यामुळे जुन्या टर्बो ऑल-व्हीलचं वेगळेपण कमी झालंय. आज ती घेत असाल तर किंमत नक्की घासून घ्या.