हल्ली काय वाचलंत? खरं खरं सांगा

गेल्या अंकात सहज लिहून गेले होते की या पावसाळ्यात मी फँटसी वाचायची ठरवलीये, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की आजचा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय.

प्रश्न : ताई, वय ५४, शाळेत मराठी शिकवते. आयुष्यभर सामाजिक कादंबऱ्या वाचल्या. भाची मागे लागलीये की फँटसी वाच, पण ड्रॅगन, जादूगार वगैरे मला पोरांचं वाटतं. एकच वाचायचं तर कुठलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एकच म्हणालात तर उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', आणि ते आवडलं तर लगेच त्याच्यापुढचं 'द टूम्ब्स ऑफ आटुआन'. पहिलं १९६८चं, दुसरं १९७१चं, दोन्ही बारकी पुस्तकं आहेत, एकेका शनिवार-रविवारात होतात.

गोष्ट अशी की सगळा बेटांचाच प्रदेश, त्यातल्या गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरचा एक लोहाराचा पोरगा, शेळ्या राखणारा, अंगात जादू भरपूर आणि घमेंड त्याहून जास्त. आता या जगात जादू म्हणजे काय, तर नाव. प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून माणसं खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगतात आणि चारचौघांत हाक मारायला वेगळं नाव ठेवतात. मला तर हे अजिबात परकं वाटलं नाही हो, आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असतंच की.

त्यातला एक प्रसंग सांगते. या पोराचा गुरू ओगियन, ज्याने भूकंप थांबवला म्हणून सगळीकडे ख्याती, तो पोराला घेऊन डोंगरातून चाललाय आणि पाऊस येतो. दुसरा कोणी जादूगार असता तर त्याने पाऊस पलीकडच्या डोंगरावर ढकलला असता. हा काय करतो, दाट फांद्यांचं एक झाड बघतो आणि त्याच्याखाली जाऊन आडवा होतो. पोरगा निथळत्या झुडपात फुरंगटून बसलाय, की अंगावरचा पाऊस थांबवत नाही ती विद्या काय कामाची. बस, एवढंच. पण पुढे त्या पोराच्या हातून जे घडतं ना, ते सगळं या एका न कळलेल्या गोष्टीतून घडतं. दहा-बारा ओळींचा प्रसंग असेल, मी तीनदा वाचला.

खटकलेलं पण सांगते. पहिल्या भागात बायका जवळपास नाहीतच, आणि ज्या आहेत त्यांची जादू कच्ची नाहीतर वाईट, तशी म्हणच आहे त्या जगात. लेखिकेला स्वतःलाही हे पुढे खुपलं आणि १९९०मध्ये तिने चौथा भाग 'तेहानू' लिहिला तो घरातल्या बाईच्या नजरेतून. आपलंच जग पुन्हा उलटून बघायला जिगर लागते, मला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

पण माझ्या मनात घर केलं ते दुसऱ्या भागाने. टेनार नावाची पोर, तिला लहानपणी घरातून उचलून देवळात आणतात, पुजारीण करतात आणि विधी करून तिचं नाव काढून घेतात. मग ती जमिनीखालच्या काळोख्या भुयारांत वाढते, जिथे दिवा न्यायला बंदी, भिंती हाताने चाचपून वाटा पाठ करायच्या. स्वतःचं नावही ती विसरून जाते. माझ्या आजीचं नाव लग्नात बदललं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून, जसं तेव्हा सगळ्यांचंच व्हायचं, आणि पुढे साठेक वर्षं ती त्याच नावाने वावरली. शेवटच्या आजारपणात तिची धाकटी बहीण भेटायला आली आणि तिने माहेरच्या नावाने हाक मारली, तर दोन दिवस डोळे न उघडलेल्या आजीने मान वळवली. टेनारला तिचं नाव परत मिळतं ते पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. हे पोरांचं असेल तर असू दे, तुम्ही वाचाच.

प्रश्न : आर. एफ. क्वांगचं 'बेबल' सगळे भारी म्हणतायत, मी दोनशे पानांवर अडकलोय. माझंच काही चुकतंय का? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये. यातली कल्पना मला गेल्या कित्येक वर्षांत वाचलेली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड, तिथे चांदीच्या कांडीवर दोन भाषांमधले एकाच अर्थाचे दोन शब्द कोरायचे, आणि भाषांतर करताना अर्थातलं जे निसटतं ते त्या चांदीतून जादू म्हणून बाहेर पडतं. या चांदीवर अख्खं इंग्रजी साम्राज्य चालतं आणि शब्द पुरवायला कॅन्टनचा, कलकत्त्याचा, हैतीची अशी बाहेरची पोरं आणून शिकवतात. वाचता वाचता मी वहीच्या मागच्या पानावर 'माहेर' लिहिलं आणि समोर त्याचं इंग्रजी लिहायला बसले, तर आईवडिलांचं घर एवढंच येतं, आणि निसटतं किती बघ, दुपारची निवांत झोप, न सांगता ताटात पडलेली आवडती भाजी, परत निघताना ओटीत पडलेले तांदूळ. तेवढ्या निसटलेल्यावर एखादी आगबोट चालावी.

पण पुस्तकाचा दोष हा की लेखिकेला वाचकावर भरवसा नाही. साम्राज्य वाईट हे प्रसंगातून नीट कळलेलं असतं, तरी पात्रं ते बोलून दाखवतात आणि खाली तळटीप परत तेच सांगते. लेटी ही इंग्रज मुलगी तर मला शेवटपर्यंत माणूस वाटलीच नाही, मुद्दा वाटली. तरी शेवटची दीडेकशे पानं जोरदार आहेत, त्यामुळे मधलं भराभर चाळून पुढे जा, आणि तरीही नाही जमलं तर खुशाल सोड.

प्रश्न : पॅट्रिक रॉथफसचं 'द नेम ऑफ द विंड' सुरू करू का? तिसरा भाग आलाच नाही म्हणतात. (नागपूर)

उत्तर : पहिला भाग २००७चा, दुसरा २०११चा, तिसरा अजून नाही. नायक तीन दिवसांत आपली गोष्ट सांगणार असतो, त्यातले दोनच दिवस आपल्या हातात आहेत. पहिला वाचा, भाषा फार देखणी आहे, आणि तिथेच थांबा. दुसरा बराच पसरट झालाय, आणि अर्ध्यात सोडून दिल्याची चुटपुट तोच जास्त लावतो.

प्रश्न : आपल्या मराठीत असलं काही आहे का, की सगळं बाहेरूनच आणायचं? (कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि सुरुवातीपासून आहे. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, म्हणजे मराठी कादंबरी नुकती रांगायला लागली तेव्हाच ती अद्भुताच्या वाटेला गेली होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातली, समाजातली माणसं कादंबरीत आणली, ते मोठंच काम झालं, पण माझं मत असं की त्यानंतर अद्भुत म्हणजे मुलांचं अशी आपण उगीच वाटणी करून टाकली.

जी. ए. कुलकर्ण्यांचं 'रमलखुणा' घ्या, १९७५चं. दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. ओळखीचं गाव नाही, काळ नाही, आपल्या नकाशात कुठेच न सापडणारा मुलूख, आणि तरी भाषा आपल्या मातीतली. सलग वाचू नका, पाच-सात पानं वाचून खाली ठेवा. मला विशीत यातलं काही कळलं नव्हतं आणि आता दर पानाला थांबावं लागतं. नारायण धारप कॉलेजात असताना रात्र रात्र वाचलेत, भीती चढवत न्यायची त्यांची हातोटी अजून कोणाला नाही असं मी म्हणेन, पण 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे माहीत असू द्या. आणि फँटसी नाही पण शेजारचीच म्हणावी अशी नंदा खऱ्यांची 'उद्या'. मध्ये मध्ये ती लेखासारखी होते, वैतागही येतो, पण इतकी धीट मराठी कादंबरी माझ्या वाचनात कमी आलीये. तिला जाहीर झालेला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी घेतला नाही.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, मराठी बोलते पण वाचते फक्त इंग्रजी. रात्री दोघींनी मिळून वाचायला काही सुचवा ना. (न्यू जर्सी)

उत्तर : टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन', २००३चं. टिफनी नऊ वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली. नदीतून एक राक्षसीण वर येते, तिचे डोळे सूपच्या ताटलीएवढे असं गोष्टीच्या पुस्तकात लिहिलेलं, तर ही मुलगी घरात जाऊन आधी ताटली मोजते. आठ इंच. मग धाकट्या भावाला काठावर आमिष म्हणून बसवते आणि राक्षसीण वर आली की तिच्या डोक्यात तवा हाणते. मला ही मुलगी फार फार आवडली, घाबरते पण मोजायचं सोडत नाही. सगळ्या पुस्तकावर तिच्या वारलेल्या आजीची सावली आहे. कमी बोलणारी, मेंढ्या सांभाळणारी, तंबाखू ओढणारी म्हातारी, ती जादू करायची की नाही हे कोणीच ठामपणे सांगत नाही.

निळ्या अंगाच्या चिमुकल्या माणसांची टोळी येते तिथे जरा जपून, त्यांची बोली स्कॉटिश वळणाची आहे, डोळ्यांनी वाचली तर अडखळायला होतं आणि मोठ्याने वाचली की आपोआप कळते. इंग्रजी पान तिला वाचू दे, मधलं तुम्ही मराठीत सांगा, तुमच्या आजीचे शब्द आठवतील तसे वापरा. आणि तवा आला की बिडाचा तवा म्हणा, स्वयंपाकघरात असला तर तिच्या हातात देऊन बघा, केवढा जड असतो ते.