शेजारच्या बागेतले हापूस चोरायचे आणि कधीच पकडले जायचे नाही, असे मनोराज्य करणे गुन्हा आहे का?

नाही, देवगडच्या बागेतले हापूस कोणाच्या नकळत उतरवण्याचे मनोराज्य कितीही रंगवले, तरी तो गुन्हा होत नाही. कारण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीसाठी लबाडीच्या हेतूबरोबरच दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम, म्हणजे हलवता येणारी, वस्तू त्याच्या संमतीविना हलवण्याची कृतीही लागते. गंमत अशी, की झाडाला लगडलेला आंबा जमिनीशी जोडलेला असल्याने जंगम मालमत्ता मानला जात नाही, पण देठ तुटून तो झेल्याच्या, म्हणजे फळे उतरवायच्या काठीच्या, जाळीत पडला, की त्याच क्षणी चोरीचा विषय होतो. मात्र त्याच हेतूने झेला फांदीला लावलात, तर एकही फळ हाती आले नाही तरी कलम ६२ खाली चोरीचा प्रयत्न ठरू शकतो; त्यासाठी बागेचा गडगा (दगडी कुंपण) ओलांडला असेल, तर गुन्हेगारी अतिक्रमणाचा प्रश्न वेगळाच.