थीम पार्कजवळ मुलांसह राहायला कॅराव्हॅन साइट (गाडीमागे ओढायचं फिरतं घर उभं करून राहायची जागा) कशी निवडावी?

नकाशावरचं अंतर नव्हे, पार्क सुटल्यावर लागणारा वेळ बघा. संध्याकाळी सगळ्या गाड्या एकाच रस्त्याला लागतात, त्यामुळे विरुद्ध दिशेची, जरा लांबची साइटही कधीकधी लवकर गाठता येते. साइटचं गेट रात्री किती वाजता बंद होतं, हे बुकिंगआधीच विचारा. वीजजोडणी किती अँपिअरची आहे तेही. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे जेमतेम २३०० वॅट. हीटर चालू असताना विजेची किटली लावली की ब्रेकर पडून वीज गेलीच म्हणून समजा! लहान मुलं असतील तर जागा टॉयलेट ब्लॉकजवळ मागा, पण अगदी दारासमोर नको, रात्रभर दिवा आणि वर्दळ. साइटवरच्या स्विमिंग पूलसाठी मी तरी जादा पैसे मोजणार नाही; दिवसभर राइड्स करून आलेली मुलं जेवतानाच पेंगतात.