पेंटोज फॉस्फेट मार्ग: वाचकांनी विचारलं म्हणून

ऑक्सिडीकारक ताणावर (पेशीत पेरॉक्साइडसारखी इलेक्ट्रॉन ओरबाडणारी द्रव्यं साचण्यावर) मागे लिहिलं तेव्हा पेंटोज फॉस्फेट मार्ग, म्हणजे पेशीतली ग्लुकोज वापरण्याची एक आडवाट, मी एका ओळीत उरकला होता. सर्वाधिक प्रश्न नेमके त्या ओळीवर आले. शिक्षा म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच दिला आहे.

प्रश्न: या मार्गात एकही एटीपी तयार होत नाही, असं पुस्तकात आहे. मग पेशी चांगलं ग्लुकोज तिकडे वळवून वाया का घालवते? (बीएस्सीची विद्यार्थिनी)

एटीपीचं, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचं, खातं पाहिलं तर तुमचं म्हणणं खरं आहे. पण पेशीच्या वहीत खाती एकाहून जास्त असतात.

ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याला फॉस्फेट चिकटतं आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट बनतं. इथे वाट फुटते. एक वाट ग्लायकोलिसिसची, म्हणजे ग्लुकोज मोडण्याची नेहमीची, तिच्यातून एटीपी मिळतं. दुसरी आपली. तिच्या तोंडाशी जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) हे एन्झाइम बसलेलं असतं, आणि पुढच्या तीन पायऱ्यांत सहा कार्बनच्या साखरेतला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरते पाच कार्बनची पेंटोज साखर. या खटाटोपात एका साखरेमागे एनएडीपीएचचे, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका द्रव्याचे, दोन रेणू पदरात पडतात.

पेंटोजपासून रायबोज, आणि रायबोजपासून डीएनए-आरएनए. वाढणाऱ्या पेशीला हे हवंच. पण तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, तिला डीएनए बनवायचाच नसतो. तरी ती हा मार्ग आयुष्यभर चालू ठेवते, ते केवळ एनएडीपीएचसाठी.

एनएडीएच आणि एनएडीपीएच यांत फरक एका फॉस्फेटचा. विद्यार्थ्यांना तो किरकोळ वाटतो, पेशीला अजिबात वाटत नाही. त्या फॉस्फेटवरून एन्झाइमं दोघांना वेगळं ओळखतात, त्यामुळे एकाच पेशीत दोन वेगळे गल्ले ठेवता येतात. एनएडीचा गल्ला इलेक्ट्रॉन घ्यायला तयार, म्हणजे बराचसा रिकामा ठेवलेला. एनएडीपीचा मात्र सतत भरलेला, मागताक्षणी इलेक्ट्रॉन देणारा. पहिला अन्न जाळण्यासाठी, दुसरा बांधकामासाठी आणि संरक्षणासाठी. (मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल बनवायलाही एनएडीपीएचच लागतं. म्हणून यकृत, मेदऊती आणि दूध तयार करणाऱ्या स्तनग्रंथींत हा मार्ग जोरात असतो, तर स्नायूंत मंद.)

प्रश्न: संरक्षण करतं ते ग्लुटाथायोन, असं सगळीकडे वाचतो. मग यात एनएडीपीएच कुठे आलं?

ग्लुटाथायोन हा पेशीतला गंधक असलेला छोटा रेणू. तो काय करतो ते पाहायला हायड्रोजन पेरॉक्साइड या घातक ऑक्सिडीकारकाच्या एका रेणूमागे जाऊ या. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे सेलेनियम असलेलं एन्झाइम त्याला गाठतं आणि त्याचं पाणी करून टाकतं. त्यासाठी ग्लुटाथायोनचे दोन रेणू खर्ची पडतात. दोघांचे गंधक एकमेकांना चिकटतात आणि जोडी बनते. ही जोडी पुढच्या पेरॉक्साइडपुढे काही कामाची नाही. मग ग्लुटाथायोन रिडक्टेज येतं, एनएडीपीएचकडून दोन इलेक्ट्रॉन घेतं आणि जोडी सोडवून दोन्ही रेणू पुन्हा कामाला लावतं. रिकामं झालेलं एनएडीपी परत जी६पीडीच्या दारात, साखरेकडून इलेक्ट्रॉन घ्यायला.

म्हणजे शेवटी पेरॉक्साइडचं पाणी साखरेच्या खर्चाने होतं. एक पेरॉक्साइड, एक एनएडीपीएच.

माझा आग्रह एवढाच की, ‘शरीरात ग्लुटाथायोन किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. तांबड्या पेशीत ते लिटरमागे सुमारे २ मिलिमोल असतं, तसं भरपूरच. एनएडीपीएच त्याच्या कितीतरी कमी. तरीही आधी मोडतं ते एनएडीपीएचच्या बाजूने, कारण सगळी मदार साठ्यापेक्षा परत भरण्याच्या वेगावर आहे. टाकी मोठी आहे म्हणून पंप बंद ठेवून चालत नाही.

पेरॉक्साइड फोडणारं दुसरं मोठं एन्झाइम म्हणजे कॅटालेज. त्याला इलेक्ट्रॉनांची उसनवारी लागत नाही, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. १९८४ साली कर्कमन आणि गेटानी या संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या कॅटालेजच्या प्रत्येक उपघटकाला एनएडीपीएचचा एक रेणू घट्ट चिकटलेला असतो, आणि तो त्या एन्झाइमला निकामी होण्यापासून वाचवतो. हे वाचलं तेव्हा मी माझ्या जुन्या टिपणांतली एक ओळ खोडली होती.

प्रश्न: एका ग्लुकोजमागे दोनच एनएडीपीएच, मग काही पुस्तकांत बारा कसे?

दोन्ही बरोबर. मार्गाचा पहिला टप्पा एकेरी आहे, दुसरा उलटसुलट चालतो. दुसऱ्या टप्प्यात ट्रान्सकीटोलेज आणि ट्रान्सआल्डोलेज ही एन्झाइमं पेंटोजचे तुकडे इकडून तिकडे जोडतात. सहा पेंटोज, म्हणजे तीस कार्बन. त्यांची फेरजुळणी झाली की पुन्हा सहा कार्बनच्या पाच साखरा तयार. त्या परत पहिल्या दाराने आत. सहा आत गेल्या, पाच परतल्या, म्हणजे खर्च एका ग्लुकोजचा आणि कमाई बारा एनएडीपीएचची. पेशीला फक्त एनएडीपीएच हवं असेल तेव्हा ती अशी चक्री चालवते. पेंटोजही हवे असतील तर चक्री अर्ध्यावर थांबते. (ट्रान्सकीटोलेजला थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व लागतं. म्हणून शरीरातलं थायमिन पुरेसं आहे की नाही हे तपासायला तांबड्या पेशींतलं हेच एन्झाइम मोजण्याची पद्धत आहे.)

प्रश्न: ताण आला हे पेशीला कळतं कसं? जनुकं सुरू होऊन एन्झाइम बनेपर्यंत उशीर होत नसेल का?

उशीर होतोच, म्हणून पेशी जनुकांची वाट पाहत नाही. एरवी जी६पीडी बऱ्यापैकी दाबलेलं असतं, आणि ते दाबून धरणारं असतं खुद्द एनएडीपीएच. ताण आला की एनएडीपीएच खर्च होतं, दाब सुटतो, शिवाय रिकामं एनएडीपी हाताशी येतं. एन्झाइम आपोआप वेग घेतं. तांबड्या पेशीत शांत वेळी ग्लुकोजचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी या मार्गाने जातो. ताणात तो अनेक पटींनी वाढतो, आणि कोणी कोणाला निरोप धाडलेला नसतो.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. ग्लायकोलिसिसच्या मध्यावर जीएपीडीएच नावाचं एन्झाइम आहे. त्याच्या कामाच्या जागी एक सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) असतं, आणि पेरॉक्साइड त्या सिस्टीनवर बसलं की एन्झाइम ठप्प होतं. दिसायला हा बिघाड. पण पुढचा रस्ता बंद झाल्याने मागे साखरांची गर्दी होते आणि ती पेंटोजच्या वाटेला लागते. बुडत्या पेशीने एटीपीवर पाणी सोडून एनएडीपीएच विकत घ्यावं, असा हा सौदा आहे, आणि सेकंदांत होतो.

जनुकांचं काम त्यानंतरचं. एनआरएफ२ हे प्रथिन एरवी केअॅप१च्या ताब्यात असतं आणि सतत मोडीत निघत असतं. केअॅप१च्या सिस्टीनांना ऑक्सिडीकारकांनी हात लावला की एनआरएफ२ सुटतं, केंद्रकात जातं, आणि काही तासांत जी६पीडीसह मार्गातली बरीच एन्झाइमं जास्त बनू लागतात. तांबड्या पेशीला ही सोय नाही. केंद्रकच नाही तर जनुकं कुठली!

प्रश्न: मुलाच्या तपासणीत जी६पीडी कमी निघालं. मुलगा ठणठणीत आहे. डॉक्टरांनी औषधांची एक यादी दिली आणि ‘एवढं सांभाळा’ म्हणाले. हे नक्की काय आहे? आणि फक्त रक्तालाच का त्रास?

आधी धीराची गोष्ट. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे, आणि त्यांतले बहुतेक तुमच्या मुलासारखेच ठणठणीत असतात. अनेकांना ती आहे हे जन्मभर कळतही नाही.

हे कळलं कसं, ते सांगतो, म्हणजे यादीचा अर्थ लागेल. हिवतापावरचं प्रायमाक्विन काही लोकांत दोन-तीन दिवसांत लघवी काळपट करायचं आणि रक्त उतरवायचं, म्हणजे तांबड्या पेशी फुटून रक्त कमी व्हायचं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर याचा अभ्यास झाला. आजच्या नीतिनियमांत ते प्रयोग बसणार नाहीत, आणि बसूही नयेत. त्यात एक साधी अदलाबदल होती. त्रास होणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या धडधाकट माणसाला दिल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. पाहुण्या पेशी फुटल्या. उलट केलं तेव्हा, म्हणजे धडधाकट पेशी त्रास होणाऱ्याच्या शरीरात, त्या टिकल्या. दोष औषधात नव्हता, शरीरातही नव्हता, पेशीतच होता. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो जी६पीडीपर्यंत नेऊन पोहोचवला.

आता तुमचा ‘रक्तालाच का’. इतर पेशींकडे एनएडीपीएच मिळवायच्या दुसऱ्या वाटा असतात: मॅलिक एन्झाइम, आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज वगैरे. शिवाय केंद्रक असल्याने एन्झाइम संपलं तर नवं बनवता येतं. तांबड्या पेशीला व्यवहारात हा एकच मार्ग, आणि जन्मताना मिळालेली शिदोरी साधारण १२० दिवस पुरवायची. निरोगी जी६पीडी दर ६२ दिवसांनी निम्मं होतं. आफ्रिकी वंशात आढळणाऱ्या ‘ए-उणे’ प्रकारात ते १३ दिवसांतच निम्मं होतं. म्हणजे तिथे तरुण पेशी बऱ्या, म्हाताऱ्या कफल्लक. आधी त्याच फुटतात. स्टेटव्हिलमध्ये औषध चालू असतानाही काही दिवसांनी रक्त सावरू लागलं, ते यामुळेच: म्हाताऱ्या गेल्या, तरुण उरल्या. भूमध्यसागरी प्रकारात एन्झाइम त्याहून फार लवकर संपतं, तिथे असा दिलासा नाही.

फुटताना काय होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं असतं. ग्लुटाथायोन आटलं की हिमोग्लोबिनचेच गंधक उघडे पडतात, ते विद्रूप होऊन गुठळ्या धरतं. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेले जांभळे ठिपके दिसतात, त्यांना हाइन्झ पिंडं म्हणतात. अशी पेशी प्लीहेतून जाताना तिथल्या भक्षक पेशी तो ठिपका आवरणासकट उपटून घेतात. उरलेली पेशी दिसते कडेला चावा घेतलेल्या बिस्किटासारखी. दोन-तीन चाव्यांनंतर ती फार काळ फिरत नाही.

यादीत प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रास्ब्युरिकेस, मिथिलीन ब्ल्यू ही नावं असतीलच. नॅप्थलीनच्या गोळ्या घरात नकोत. फावा शेंगा (बाकला) टाळा. त्यांतल्या विसिन आणि कॉन्विसिनपासून पोटात जी द्रव्यं होतात, ती ऑक्सिजनच्या संपर्कात पेरॉक्साइड तयार करतात. तीव्र संसर्गातही रक्त उतरू शकतं. तापात मुलगा पिवळा पडला किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. यादीची एक प्रत पाकिटात आणि एक फोनमध्ये ठेवा, कारण ती नेमकी घरी विसरलेली असते तेव्हाच लागते.

आणखी एक. रक्त नुकतंच उतरलेलं असताना तपासणी केली तर ती खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. म्हाताऱ्या पेशी गेलेल्या असतात आणि नव्या कोऱ्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं. अशा वेळी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी. तपासणी तशी साधीच. रक्ताचा थेंब, ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि एनएडीपी एकत्र करून टिपकागदावर ठेवतात आणि अतिनील दिव्याखाली धरतात. एनएडीपीएच तयार झालं असेल तर ठिपका निळसर चमकतो. एन्झाइम नसेल तर काळाच राहतो.

प्रश्न: याच मुलाच्या बहिणीलाही तपासायचं का? (मागच्याच कुटुंबाकडून)

हो. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाकडे एकच एक्स, त्यामुळे निकाल स्पष्ट लागतो. मुलीत दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यांतलं एक झोपलेलं. म्हणून वाहक मुलीच्या रक्तात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी मिसळलेल्या असतात, काही पूर्ण सक्षम, काही कमकुवत. चमकणाऱ्या ठिपक्याची तपासणी अशांना निसटू देते. मुलीसाठी आकड्यात मोजणारी तपासणी मागा. टॅफेनोक्विन देण्याआधी एन्झाइमची क्षमता ७० टक्क्यांहून जास्त असल्याची खात्री करावी लागते, ती या भानगडीमुळेच.

प्रश्न: मग ग्लुटाथायोनच्या आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या रोज घ्याव्यात का?

निरोगी माणसाने? माझं उत्तर नाही. तोंडाने घेतलेल्या ग्लुटाथायोनचा बराचसा भाग आतड्यात तुटतो, आणि पेशीची अडचण सहसा साठ्याची नसतेच, हे वर आलं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांना बीटा कॅरोटीन किंवा व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं गेलं. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला निघाला. जी६पीडी कमी असेल तर व्हिटॅमिन सीचे शिरेवाटे दिलेले प्रचंड डोस धोक्याचे आहेत. त्या मात्रेत ते स्वतःच पेरॉक्साइड तयार करतं.

प्रश्न: एनएडीपीएच म्हणजे पेशीचा रक्षक, असं म्हणायला हरकत नाही ना?

थोडी आहे. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जिवाणू गिळते तेव्हा तिच्या आवरणातलं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनवर लादतं. तयार होतं सुपरऑक्साइड, म्हणजे ज्याच्यापासून बचाव करायचा तेच. पेशीचा ऑक्सिजनचा वापर काही क्षणांत कित्येक पटींनी चढतो. हे ऑक्सिडेज जन्मतः बिघडलेलं असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार होतो आणि काही जिवाणू-बुरशींपुढे शरीर हतबल ठरतं. जी६पीडी फारच कमी असलेल्या मोजक्या रुग्णांतही असंच चित्र दिसलं आहे. मारा आणि बचाव एकाच गल्ल्यातून चालतो. कर्करोगाच्या पेशीही हाच गल्ला भरून स्वतःला जपतात, हा उपचारातला मोठा पेच आहे.

प्रश्न: एचएमपी शंट, फॉस्फोग्लुकोनेट मार्ग आणि पेंटोज फॉस्फेट मार्ग यांत फरक काय? परीक्षेत गोंधळ होतो.

काही फरक नाही, नावं तीन, मार्ग एकच. जी६पीडीला पूर्वी ‘त्स्विशेनफेर्मेंट’, म्हणजे मधलं एन्झाइम, म्हणत. ते नाव १९३०च्या दशकात जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओट्टो वॉरबुर्ग यांच्या प्रयोगशाळेतून आलं. तांबड्या पेशींत मिथिलीन ब्ल्यू घातलं की त्या एकाएकी ऑक्सिजन ओढू लागतात, हे पाहून ते या एन्झाइमापर्यंत पोचले. तो रंग एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन ओरबाडून ऑक्सिजनला देतो, म्हणून तो वरच्या यादीत आहे.